आजोबांच्या ट्रंकेतले पाठकोरे कागद

(साताऱ्यातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.)

प्रश्न : युद्धकैद्यांच्या चित्रांवर मी कॉलेजचा प्रकल्प करते आहे. छावणीत त्यांना रंग कुठून मिळत असतील?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : जे हाताला लागेल त्यातून. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला जपान्यांच्या हाती पडले. तिथल्या चांगी छावणीत स्टॅन्ले वॉरन हा तोफखान्यातला इंग्रज कैदी आमांशाने इस्पितळात पडला होता. त्या अवस्थेत त्याने इस्पितळातल्या प्रार्थनेच्या खोलीत येशूच्या आयुष्यातले प्रसंग रंगवायला घेतले. सोबत्यांनी चोरूनमारून सामान आणले. तपकिरी रंग लष्करी गाड्यांना फासायचा, आणि निळा म्हणजे बिलियर्ड्सच्या काठीला लावायचा खडू कुटून केलेला. युद्धानंतर ही चित्रे चुन्याखाली गेली, १९५८ मध्ये पुन्हा सापडली, आणि ती दुरुस्त करायला वॉरन स्वतः तीनदा सिंगापूरला गेला. प्रकल्पात रोनाल्ड सर्ल हा दुसरा इंग्रज चित्रकार कैदीही घ्या. जपान्यांच्या छावणीत चित्र सापडले तर गय नव्हती. सर्ल आपली चित्रे पटकीच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा, कारण पहारेकरी तिकडे फिरकत नसत. आज त्यातली सुमारे तीनशे लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

प्रश्न : माझे आजोबा २/५ मराठा पलटणीत शिपाई होते. लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेले, इटलीत कैदेत राहिले, १९४५ मध्ये परत आले. कैदेबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. आता त्यांच्या ट्रंकेत पेन्सिलीची अकरा चित्रे सापडली. फोटो पाठवत आहे. आजोबांना सहीपुरतेच लिहिता येई, तेव्हा ही त्यांनी काढली नसावीत. एका चित्रात शिवणयंत्र का आहे, कळत नाही. मागच्या बाजूला काही नाही, दोन कागदांवर नुसता जुना शिक्का आहे. चित्रे लॅमिनेट करून घ्यावीत का?
– एक वाचक, ता. कोरेगाव

उत्तर : शेवटचे आधी. लॅमिनेशन करू नका. अहो, त्या दुकानाच्या पायरीवरही जाऊ नका! गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटले की पुन्हा सुटत नाही. हा गाढवपणा मी स्वतः केलेला आहे. वडिलांचे इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचे प्रमाणपत्र मी हौसेने लॅमिनेट केले आणि आज ते चहात बुडवल्यासारखे दिसते. सेलोटेपही नको, आणि मागे पेनने ‘आजोबांची आठवण’ वगैरे लिहिणे तर नकोच.

आता तो ‘नुसता’ शिक्का. औंधच्या संग्रहालयात वर्गाची सहल नेली की एखादी चौकट मागून दाखवा म्हणून मी तिथल्या माणसाच्या मागे लागायचो. मुले हसायची. पण कैद्याच्या चित्राची पाठ पुष्कळदा पोटापेक्षा जास्त बोलते. तुमच्या फोटोत अक्षरे पुसट आहेत, तरी ‘गेप्रुफ्ट’ वाचता येते. हा जर्मन शब्द आहे, अर्थ ‘तपासले’. जर्मन छावणीतल्या तपासनिसाचा तो शिक्का. टोब्रुक २१ जून १९४२ ला पडले, तिथले कैदी समुद्रापार इटलीत गेले, हे खरे. पण ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि जर्मनांनी तिथले हजारो कैदी उत्तरेला नेले. तेव्हा ते दोन कागद तरी जर्मन छावणीतून आलेले आहेत, आणि बहुधा त्यांच्याबरोबर आजोबाही. बाकीचे तुकडे खोक्याच्या पुठ्ठ्याचे आणि उलगडलेल्या सिगारेटच्या पाकिटांचे दिसतात. हिंदी कैद्यांसाठी लंडनहून वेगळी पार्सले जात, त्यांत कणीक आणि डाळही असे. पुठ्ठ्यावर छापील अक्षर उरले असेल तर भिंगाने बघा.

तुमचे शिवणयंत्र म्हणजे चूल आहे. दुधाच्या पावडरीचे डबे कापून कैदी पंखा करत, हाताने दांडी फिरवली की वारा निखाऱ्यावर. आपल्याकडे लोहाराच्या भट्टीला असतो ना, त्याचा धाकटा भाऊ. मूठभर ढलप्यांवर पाणी उकळायचे.

पण माझा जीव अडकला तो पावाच्या चित्रात. एकजण पाव कापतोय, सहाजण बघताहेत. कुणाचीही नजर पावावर नाही, सगळ्यांची सुरीवर. बऱ्याच छावण्यांत रीतच होती की कापणाऱ्याने आपला तुकडा शेवटी उचलायचा, म्हणजे हात आपोआप सरळ चालतो. सुरी मनगटापेक्षा जाड काढली आहे. परीक्षेत मी दोन गुण कापले असते आणि घरी येऊन पस्तावलो असतो.

लिहिता येत नव्हते म्हणून चित्र काढता येत नव्हते, हे मला पटत नाही. अकरांपैकी दहा एकाच हाताची आहेत. सगळीकडे बोटे चारच, आणि सावली नेहमी डावीकडे. अकरावे, आजोबांचा चेहरा, मात्र शिकलेल्या हाताचे आहे. छावणीत सिगारेट हेच चलन. चित्रकार कैदी सिगारेटींवर चेहरा काढून देत. ते विकतचे असेल. उरलेल्या दहांसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारा : बेंदराला बैलांची शिंगे कोण रंगवायचे? आणि बैलाच्या पाठीवर नक्षी कोण काढायचे?

विकायचा विचार असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा. प्रत्येक चित्राचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मध्ये आम्लरहित कागद घालून सपाट पेटीत ठेवा, आणि पेटी लोखंडी ट्रंकेतून बाहेर काढा, पावसाळ्यात ट्रंकेला आतून घाम सुटतो. मला प्रत्यक्ष बघायची आहेत. पण आत्ता भर पावसात एसटीने आणू नका. दिवाळी झाली की या.