बायस म्हणजे पूर्वग्रह नाही भाऊ

प्रश्न असा आलाय की डिप्लोमाचा प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीत लिहून राहिलो, ऑप-ॲम्पच्या (बारीक सिग्नल मोठा करणारी आयसी, म्हणजे चिप) डेटाशीटमधलं, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातलं, 'इनपुट बायस करंट' (इनपुटच्या पायातून वाहणारा बारीकसा करंट) भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं तर 'पूर्वग्रह प्रवाह' आलं, मग खरा शब्द कोणता?

पूर्वग्रह तर नाहीच, आयसीचा कोणावर कशाला राग असेल. बायस हा मुळात फ्रेंचातून आलेला, अर्थ तिरपं, कललेलं. शिवणकामात बायस टेप म्हणतात ना, ती आपली उरेब पट्टी, कापड तिरपं कापून गळ्याला लावतात ती. परिभाषेत बायसला 'अभिनती' आहे, त्यातही नमणं-कलणंच आहे, म्हणजे ज्याने केला त्याने विचार करून केला, पण नागपुरात बर्डीवर दुकानात जाऊन अभिनती प्रवाह कमी असलेली आयसी द्या म्हटलं तर तो चहा पाजून परत पाठवेल.

माझं भांडण भाषांतराशी नाही, मूळ नावाशीच आहे. ७४१ सारख्या आयसीत आत बायपोलर ट्रान्झिस्टर असतात, त्यांच्या बेसला, म्हणजे चालवणाऱ्या टोकाला, थोडा करंट दिल्याशिवाय ते कामालाच लागत नाहीत, त्यांना एका बाजूला कलवून ठेवावं लागतं, तो खरा बायस. टीएल०७१ मध्ये मात्र इनपुटला जेफेट आहे, म्हणजे गेट नावाच्या टोकावरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर, त्याला असा करंट लागतच नाही, जो वाहतो तो गेटच्या उलट्या जंक्शनमधून झिरपणारा, म्हणजे निव्वळ गळती. एक गरज आणि एक गळती, डेटाशीटवाले दोघांनाही बायस करंटच म्हणतात. वर 'इनपुट' म्हटलं म्हणून तो आतच जातो असंही नाही, एलएम३५८ चा पायातून बाहेर येतो. आणि छापलेला आकडा दोन्ही इनपुटची सरासरी असते बरं का, दोघांतला फरक वेगळ्या ओळीत, ऑफसेट करंट म्हणून.

मी एकदा ७४१ फॉलोअर म्हणून लावली, म्हणजे इनपुटला जेवढी व्होल्टेज तेवढीच आउटपुटला, इनपुटपासून ग्राउंडला १ मेगोहमचा रेझिस्टर, बाकी काही नाही. आउटपुट शून्य यायला हवं, मीटर दाखवून राहिला उणे ७२ मिलिव्होल्ट. अर्धा दिवस सोल्डरिंग तपासण्यात गेला. डेटाशीटमध्ये टिपिकल ८० नॅनोअँपिअर लिहिलंय, गुणिले १ मेगोहम, झाले ८० मिलिव्होल्ट, आणि कमाल आकडा ५०० आहे म्हणजे अर्ध्या व्होल्टपर्यंतही जाऊ शकलं असतं. त्याच सॉकेटात टीएल०७१ बसवली, पाय तेच आहेत, टिपिकल ६५ पिकोअँपिअर. आता मीटरवर ३ मिलिव्होल्ट उरले, पण ते बायसचे नाहीत, ती ऑफसेट व्होल्टेज.

या ऑफसेटला मात्र आपल्याकडे झक्कास शब्द आहे, पासंग! रिकामी पारडी समान यावीत म्हणून हलक्या बाजूला बांधतात तो. ऑफसेट व्होल्टेजची व्याख्याही तीच आहे, आउटपुट शून्यावर आणायला इनपुटला जेवढी द्यावी लागते तेवढी. ७४१ च्या १ आणि ५ नंबरच्या पायांना १० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून आपण पासंगच बांधत असतो.

गळती म्हणायचं अजून एक कारण म्हणजे ती उन्हाळ्यात वाढते. जेफेटचा हा करंट साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो, डेटाशीटचा आकडा २५ अंशांचा, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५, बंद डब्यात ६५ धरा, म्हणजे चारदा दुप्पट, ६५ पिकोचा झाला जवळपास १ नॅनो. १ मेगोहमवर १ मिलिव्होल्ट, चालून जाईल. पण पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स १०० मेगोहम असला तर तिथे १०० मिलिव्होल्ट, आणि एक पूर्ण पीएच म्हणजे सुमारे ५९ मिलिव्होल्ट, बसा मग लिंबाचं पाणी मोजत.

रिपोर्टात सरळ 'इनपुट बायस करंट' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे बायपोलर असेल तर 'चालू राहण्यासाठी लागणारा', फेट असेल तर 'गळतीचा' एवढं जोडा, आणि टिपिकलसोबत कमाल आकडा कोणत्या तापमानाचा तेही टाका, बाहेरून येणारा एक्स्टर्नल परीक्षक तेच विचारतो.