ऑफिसमधला राग घरच्यांवर निघतो, भावनांवर कंट्रोल कसा मिळवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की ऑफिसात दिवसभर तोंड बंद ठेवता आणि घरी आल्यावर नवऱ्याने साधं काही विचारलं तरी अंगावर जाता, मग रात्री रडू येतं. वाचून माझेच दिवस आठवले म्हणून लिहितोय. मी डॉक्टर वगैरे नाही, भोसरीला एका कंपनीत अकाउंट्स बघतो.

महिन्याची 19 तारीख होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी जीएसटीची थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, आणि आमचं खरेदीचं रजिस्टर टूबीशी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर येणाऱ्या यादीशी, जुळेना कारण दोन सप्लायरनी त्यांचं रिटर्नच भरलं नव्हतं. सरांनी अख्ख्या डिपार्टमेंटसमोर झापलं, इतकी वर्षं काम करून एवढं कळत नाही का. मी 'हो सर' म्हणून मान खाली घातली. रात्री घरी आलो, बायको कणीक मळत होती, तिने विचारलं पोळ्या आत्ता लाटू की थोड्या वेळाने, आणि मी ओरडलो, "घरात शिरल्या शिरल्या डोकं नको खाऊ!" तिने गॅस बंद केला, परातीवर ताट झाकलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मुलगी हॉलमध्ये गृहपाठ करत होती, तिने अजिबात आवाज न करता वही उचलली आणि आत गेली. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की तो राग नव्हताच. अपमान झाला होता, आणि त्याच्या खाली भीती होती की नोकरी गेली तर होमलोनचे हप्ते कुठून भरायचे. पण अपमान झाला, भीती वाटते असं म्हणायची लाज वाटते, चिडायची वाटत नाही.

आपल्याकडे शब्द किती आहेत बघा, वैताग, चीड, त्रागा, हिरमोड, खंत, घालमेल, धास्ती, आणि आपण सगळ्यालाच 'टेन्शन आलंय' म्हणून मोकळे होतो. वैताग जरा पाठ टेकली, चहा घेतला की जातो. अपमान तसा जात नाही, तो ज्याने केला त्याच्याशी बोलावं लागतं. धास्ती असेल तर कागद घेऊन हिशेब मांडावा लागतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन यांचा 2007 चा अभ्यास आहे, लोकांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर त्या भावनेसाठी शब्द निवडताना अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका ओळखणारा भाग, शांत होताना दिसला.

मी आता पार्किंगमध्ये गाडी लावली की लगेच वर जात नाही, मोबाइलमध्ये एक ओळ लिहितो, 'आज धास्ती, ऑडिटर येणार', एवढंच. आणि वर गेल्यावर बायकोला तेच सांगतो आणि अर्धा तास मागून घेतो. जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोच्या भांडणांवर खूप वर्षं काम केलंय, ते म्हणतात नाडी 100 च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही आणि शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. पण परत कधी बोलणार ते सांगून उठा हं, नाहीतर नवऱ्याला तो अबोलाच वाटणार, आणि त्या वेळात मनात तेच भांडण घोळवत बसलात तर काही उपयोग नाही.

ऑफिसचंही सांगतो. चार दिवसांनी मी केबिनमध्ये जाऊन म्हणालो, सर, चूक असेल तर जरूर सांगा पण सगळ्यांसमोर बोललात ते लागलं, यापुढे आत बोलवाल का. हात गार पडले होते माझे. ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले. अजूनही कधीकधी बाहेर ओरडतात, पण गिळून बसलो असतो तर ते सगळं घरीच निघालं असतं.

रडू रोजचंच झालं असेल, झोप उडाली असेल तर एकटीने सहन करू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि नवऱ्याला नेमकं कोण काय बोललं ते सांगाच. त्या 19 तारखेचं मी बायकोला सरांशी बोलून आलो त्या रात्री सांगितलं, तर ती म्हणाली, "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."