वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपसाठी वायफाय अॅडॅप्टर कोणता घ्यावा?

प्रश्न : राउटरजवळ बसून मोबाइलवर १५० एमबीपीएस वेग मिळतो, पण त्याच जागी लॅपटॉप ४० च्या पुढे सरकत नाही. लॅपटॉप बराच जुना आहे. नवा अॅडॅप्टर घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : बहुधा पडेल, पण खरेदीआधी घोडे कुठे पेंड खाते ते पाहून घ्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफाय आणि त्यात जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज उघडा. तिथे प्रोटोकॉल, बँड (वायफायचा रेडिओपट्टा) आणि लिंक स्पीड (कार्ड आणि राउटर यांच्यात ठरलेला कमाल वेग, एमबीपीएसमध्ये) अशा ओळी दिसतील. बँड २.४ गीगाहर्ट्झ आणि लिंक स्पीड ७२ असेल तर निदान झालेच. एका अँटेनाचे ८०२.११एन (जुन्या, वायफाय ४ पिढीचे) कार्ड २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर यापुढे जाऊच शकत नाही. लिंक स्पीडच्या साधारण निम्मा, फार तर साठ टक्के वेग प्रत्यक्ष हाती लागतो, कारण वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते आणि प्रत्येक वेळी पोच मिळण्यात, वाट पाहण्यात वेळ जातो. ७२ चे ४० होतात ते असे. इथे नवे कार्ड घ्यायला हरकत नाही.

बँड ५ गीगाहर्ट्झ आणि लिंक ४३३ किंवा ८६७ दिसूनही वेग ४० च मिळत असेल, तर कार्डाचा दोष नाही. व्हीपीएन बंद करून पाहा, मागे चाललेले अपडेट थांबवा, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदला.

तिसरी शक्यता हमखास नजरेतून सुटते. कार्ड दोन्ही बँडचे असते, पण २.४ लाच चिकटून बसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर ‘प्रेफर्ड बँड’ ५ करा. ५ चे नेटवर्क यादीतच दिसत नसेल, तर राउटरचा ५ गीगाहर्ट्झचा चॅनेल तात्पुरता ३६ वर ठेवून पाहा, कारण काही कार्डांना वरचे चॅनेल दिसत नाहीत. तरीही नाव उमटले नाही तर कार्ड एकाच बँडचे आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : खोक्यांवर एसी६००, एसी१२००, एएक्स९००, एएक्स१८०० असे आकडे असतात. जितका आकडा मोठा तितका वेग जास्त, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. पुढचा आकडा दोन्ही बँडच्या कमाल लिंक स्पीडची बेरीज असतो आणि ती वरच्या शंभराकडे ओढलेली असते. एसी६०० म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३. एसी१२०० म्हणजे ३०० आणि ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. हे अॅडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडलेले असतात, त्यामुळे बेरजेचा वेग कधीच मिळत नाही. फक्त ५ गीगाहर्ट्झचा आकडा पाहा आणि त्याचा निम्मा धरा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे यूएसबीची जात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० एमबीपीएस आहे आणि प्रत्यक्षात त्यातून ३०० च्या आसपासच माल जातो. एएक्स९०० नावाने नखाएवढे डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचे अॅडॅप्टर, विकले जातात. त्यांचा ५ गीगाहर्ट्झचा लिंक स्पीड ६०० दिसतो, पण त्यांतले बरेचसे यूएसबी २.० चे असतात. ‘वायफाय ६’ ही मोठी अक्षरे वाचून लोक ते घेतात आणि वेग साध्या एसी१२०० यूएसबी ३.० डोंगलपेक्षा कमी मिळतो. प्लगच्या आतली पट्टी निळी आहे का आणि तपशिलात यूएसबी ३.० लिहिले आहे का, हे दोन्ही तपासा.

इंटरनेटची जोडणीच १०० एमबीपीएसची असेल तर एसी६०० पुरेसा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रश्न : यूएसबी डोंगल घ्यावा की लॅपटॉपच्या आतले कार्ड बदलावे? आतले कार्ड घरी बदलता येते का?

उत्तर : लॅपटॉप उघडता येत असेल आणि कार्ड बोर्डाला सोल्डर केलेले नसेल, तर आतलेच बदला. याचे मोठे कारण अँटेना. लॅपटॉपच्या अँटेना बहुधा पडद्याच्या कडेने वरपर्यंत नेलेल्या असतात. डोंगलची अँटेना मात्र टेबलाला टेकलेल्या पोर्टात, धातू आणि हाताच्या आडोशाला असते. शिवाय आतल्या कार्डाबरोबर ब्लूटूथही नवे मिळते आणि पोर्ट मोकळा राहतो.

आधी स्लॉट ओळखा. साधारण २०१४ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये अर्ध्या उंचीचे मिनी पीसीआयई कार्ड असते, सुमारे ३० बाय २७ मिलिमीटरचे. नंतरच्यांत एम.२ २२३० असते, म्हणजे २२ बाय ३० मिलिमीटर. दोन्हींच्या अँटेनाच्या टोप्याही, म्हणजे वायरच्या टोकाचे कनेक्टरही, वेगळ्या असतात. मिनी पीसीआयईच्या मोठ्या, एम.२ च्या खूपच बारीक. जुन्या लॅपटॉपमध्ये जोडपट्टी लावून एम.२ कार्ड बसवता येते, पण जुन्या वायरची टोपी त्यावर बसत नाही. तेव्हा वायरही बदलावी लागते किंवा मिनी पीसीआयईचेच कार्ड शोधावे लागते.

मग मागचे झाकण उघडून वायरी मोजा. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये एकाच अँटेनाची वायर टाकलेली असते. तिथे दोन अँटेनांचे भारी कार्ड लावले तरी ते एकाच धारेवर, म्हणजे निम्म्या लिंकवर चालते.

काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचे कार्ड लावले की चालू होतानाच ‘अमान्य वायरलेस कार्ड’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि मशीन तिथेच थांबते. आपल्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत चालणाऱ्या कार्डांची यादी असते, ती खरेदीआधी वाचा.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे आहे. नव्या कार्डाचे वायफाय आणि ब्लूटूथ असे दोन्ही ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. कार्ड बदलल्यावर नेट नसते आणि मग ड्रायव्हर उतरवायचा कुठून, असा पेच पडतो. (पडलाच तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा.) लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा. वायरींचा फोटो काढा. टोप्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. वायर ओढली की टोपीचे कडे फाकते किंवा कार्डावरचा खुंटच उपटून येतो. स्क्रू काढल्यावर कार्ड तिरके वर येते, त्याच कोनात नवे सरकवा. टोपी खुंटावर नेमकी मध्यभागी ठेवा, नखाने दाबा, बारीक ‘टक’ जाणवले पाहिजे. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी कार्ड चालते. तिसरी वायर उरली तर तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर ती बोर्डावर टेकू शकते.

राउटर शेजारी असतानाही एकच दांडी दिसत असेल तर टोपी नीट बसलेली नाही, पुन्हा उघडा. वायफाय चालते आणि ब्लूटूथ गायब असेल तर घाबरू नका. एम.२ कार्डांत ब्लूटूथ वेगळ्या वाटेने, स्लॉटमधल्या यूएसबीच्या तारांवरून जाते, म्हणून त्याचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो.

प्रश्न : इंटेलचे एएक्स२०१ कार्ड घेतले. स्लॉटमध्ये व्यवस्थित बसले, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नाही. कार्ड खराब आहे का?

उत्तर : कार्ड चांगले असण्याचीच शक्यता जास्त आहे. ते तुमच्या लॅपटॉपसाठी नाही. एएक्स२०१ हे अर्धेच कार्ड आहे. त्यावर फक्त रेडिओचा भाग असतो आणि उरलेले काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होते. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही त्या जातीची कार्डे. दहाव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर किंवा कुठल्याही एएमडी लॅपटॉपवर एएक्स२०१ चालत नाही. खाच तीच असल्यामुळे ते बसते मात्र अगदी नीट आणि त्यामुळेच फसगत होते.

ते परत करून एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. ही पूर्ण कार्डे आहेत, पीसीआयईवर चालतात आणि एएमडीवरही चालतात. नावात फरक एकाच अंकाचा आहे, तेव्हा पावती करण्याआधी शेवटचा अंक वाचा : शून्य असेल तर पूर्ण, एक असेल तर अर्धे. हा नियम एएक्स२००, २०१, २१० आणि २११ या चार कार्डांपुरताच धरा.

प्रश्न : नवा डोंगल लावला की वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसते. लिनक्सवर तर काहीच होत नाही.

उत्तर : डोंगलमध्येच विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि तो आधी सीडी असल्याचे भासवतो. विंडोजवर त्या सीडीतली सेटअप फाइल चालवली की तो वायफाय म्हणून उभा राहतो. लिनक्सवर ती सीडी ‘इजेक्ट’ करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. नाहीतर यूएसबी मोडस्विच हे पॅकेज घाला.

लिनक्ससाठी डोंगल कंपनीचे नाव पाहून घेऊ नका, चिप पाहून घ्या. मीडियाटेकची एमटी७६१२यू कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आणि एमटी७९२१एयू ५.१८ पासून थेट चालते. रिअलटेकच्या ८८११सीयू, ८८१२बीयू या चिपांना कर्नल ६.२ पासून आधार आहे. त्याआधीच्या कर्नलवर ड्रायव्हर बाहेरून आणून स्वतः बांधावा लागतो आणि कर्नल अपडेट झाले की तो पुन्हा मोडतो. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिपा असू शकतात, म्हणून लेबलावरचा आवृत्ती क्रमांकही वाचा. हातात आलेल्या डोंगलचा आयडी तपासता येतो : ०बीडीए ने सुरू झाला तर रिअलटेक, ०ई८डी ने सुरू झाला तर मीडियाटेक. विंडोजवर हाच आयडी डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’खाली मिळतो.

प्रश्न : यूएसबी ३.० चा डोंगल लावल्यापासून वायरलेस माउस अडखळतो.

उत्तर : यूएसबी ३.० चे ५ जीबीपीएसचे सिग्नल २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओगोंगाट सांडतात आणि माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यावर ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढले होते. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा आणि डोंगल अर्धा-एक मीटरच्या चांगल्या शील्ड असलेल्या केबलवर दूर ठेवा. डोंगलचे वायफाय ५ गीगाहर्ट्झवरच जोडा, नाहीतर त्याचे स्वतःचे प्रक्षेपणही माउसच्या कानात ओरडते. एवढे करूनही थांबले नाही तर डोंगल यूएसबी २.० पोर्टात लावा. वेग कमी होईल, माउस सुधारेल.

प्रश्न : लांब अँटेनाचा, ‘हाय पॉवर’ अॅडॅप्टर घेतला तर दोन भिंतींपलीकडे वेग वाढेल का?

उत्तर : थोडा. चांगली अँटेना ऐकण्यात आणि बोलण्यात दोन्हीकडे मदत करते, म्हणून तिचा उपयोग आहे. नुसती ताकद वाढवून मात्र फक्त लॅपटॉपचा आवाज राउटरपर्यंत जोरात पोहोचतो. राउटरचा आवाज तेवढाच राहतो आणि डाउनलोड त्याच्यावर अवलंबून असते. यूएसबी केबलवर अॅडॅप्टर टेबलाच्या वर, दाराच्या रेषेत आणून ठेवल्याने अनेकदा जास्त फरक पडतो.

प्रश्न : आता घ्यायचाच तर वायफाय ७ चे कार्ड घ्यावे का?

उत्तर : राउटर वायफाय ७ चा असेल आणि लॅपटॉपवर अद्ययावत विंडोज ११ असेल तरच. वायफाय ७ वापरत असलेला ६ गीगाहर्ट्झचा तिसरा बँड विंडोज १० वर चालत नाही, त्यासाठी राउटरवर डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत लागते आणि आपल्या देशात तो बँड खुला असावा लागतो. इंटेलचे बीई२०० एएमडी लॅपटॉपसाठी घेऊ नका, अनेक मशीनवर ते ओळखलेच जात नाही. तिथे मीडियाटेकचे एमटी७९२५ पाहा. राउटर वायफाय ५ किंवा ६ चा असेल तर एएक्स२१० घ्या.