जन्मजात व्यंग खरंच 'लाखात एखाद्या' बाळाला असतं का?

तुमच्या मुलीच्या ओठाला आणि टाळूला जन्मतः फट आहे आणि पुण्यातल्या नातेवाइकांत कुणी असं पाहिलेलं नाही, म्हणून विचारताय. ताई, हे एवढं दुर्मीळ नाही. ढोबळमानाने 100 बाळांमागे 2 ते 3 बाळांमध्ये एखादा मोठा जन्मजात दोष सापडतो. सगळ्यात जास्त हृदयाचे, हजारात साधारण 8 ते 9. फाटलेला ओठ किंवा टाळू हजारात एकाच्या आसपास. लहानपणीच शस्त्रक्रिया होते, म्हणून मोठेपणी आपल्या लक्षात येत नाही, इतकंच.

आणि ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं, हे सासूबाईंचं म्हणणं कृपा करून मनातून काढून टाका. ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. बहुतेक वेळा नेमकं एक कारण सापडतही नाही. तुमची चूक नाही.

पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी महिनाभर फॉलिक ॲसिड (रोज 400 मायक्रोग्रॅम) सुरू करा. गरज वाटली तर डॉक्टर तुम्हाला जास्त डोसही देतील. हे इतक्या आधी का, तर फॉलिक ॲसिड ज्या मज्जारज्जूच्या नळीचे (जिच्यापासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो) दोष टाळायला मदत करतं, ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांत बंद होते, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

शस्त्रक्रियेच्या खर्चाची काळजी असेल तर ससून रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. 2013 पासूनची ही योजना आहे, उपचार मोफत होतात. तोवर दूध पाजताना बाळाला उभं धरा.