पॅरिश कौन्सिलवर गेलेल्या भाचीस

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या तुझ्या गावच्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे इथल्या गावपातळीवरच्या सगळ्यात छोट्या कारभारी मंडळाने, तुला स्वीकृत सदस्य म्हणून घेतल्याचं ताईने कळवलं. मनापासून आनंद झाला. मतं मागून निवडून आले नाही, मग बैठकीत तोंड कुठल्या अधिकाराने उघडू, असं तू तिला म्हणालीस म्हणे. ही शंका आजच काढून टाक. जागा रिकामी झाली की नोटीस लागते, मुदतीत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक होते, नाहीतर कौन्सिलने माणूस घ्यायचा, असा कायदाच आहे. आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथे सदस्य होता येतं. तीन पिढ्या त्या गावात काढलेल्या शेतकऱ्याचा हात आणि तुझा हात, मतदानात दोन्ही एकेकच मोजले जातात.

आपण ग्रामपंचायत बघत वाढलो, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. नळाचं पाणी, घरपट्टी, दाखले, सगळं आपल्याकडे पंचायतीत. इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चच्या सभेकडून काढून निवडलेल्या कौन्सिलकडे दिला. (विवाहित बायकांनाही त्या कायद्याने या कौन्सिलवर उभं राहता आलं, आणि पार्लमेंटचं मत मिळायच्या कितीतरी आधी. याचा मला फार अभिमान वाटतो.) पण रस्ते, शाळा, वृद्धांची देखभाल काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या वरच्या थराकडे; कचरा आणि बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्याखालच्या, आपल्या तालुक्यासारख्या थराकडे; जिथे हे दोन थर एकत्र झाले तिथे युनिटरीकडे. पॅरिशकडे राहतं ते खेळाचं मैदान, बाकडी, बसथांब्याची शेड, काही गावांत पथदिवे, दफनभूमी, अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे), नोटीस बोर्ड. चर्चचं जुनं दफनस्थान बंद झालं असेल तर बऱ्याचदा त्याच्या भिंतीची डागडुजीही आपल्यावर येते.

गावातल्या माणसाला हे थर दिसत नाहीत. त्याला दुकानाच्या रांगेत तू दिसतेस. म्हणून खड्डा, तुंबलेली गटार, बंद पडलेली बस, शेजाऱ्याचा भुंकणारा कुत्रा, सगळं तुझ्याकडे येणार, आणि त्यातलं बरंचसं पॅरिशच्या हातातलं नसणार. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर खरं असतं. पण ते देऊन थांबणाऱ्या सदस्याचा लोकांना काही उपयोग होत नाही. काम कुणाकडे येतं, तिथे तक्रार कशी नोंदवायची, तिचा क्रमांक काय, उत्तर आलं का, नसेल आलं तर पुढे कुणाला गाठायचं, आणि शेवटी तक्रार करणाऱ्या माणसाला काय झालं ते सांगितलं का, इथवर जायचं. हे शेवटचं सांगणं सगळ्यात जास्त राहून जातं, आणि कौन्सिल काहीच करत नाही असं लोक म्हणतात ते त्यामुळेच. काम झालं नाही यापेक्षा आपल्याला कुणी कळवलं नाही, याचा राग मोठा असतो.

खड्ड्याचं घे. रस्ता काउंटीचा. त्यांच्या नियमावलीत किती खोल खड्डा झाला की बुजवायचा ते ठरलेलं असतं, पुष्कळ ठिकाणी साधारण ४० मिलिमीटर. तेव्हा ‘मेन रोडवर भयंकर खड्डा’ एवढं कळवून काही होत नाही. मोजपट्टी ठेवून फोटो, जवळच्या घराचा क्रमांक किंवा दिव्याच्या खांबावरचा नंबर, आणि सायकलवाले तिथून जातात का, हे लिहायचं. एकाच खड्ड्याबद्दल पाच घरांनी स्वतंत्र तक्रार केली तर आणखी चांगलं. प्रत्येकाला आपापला क्रमांक मिळतो. काउंटीवर निवडून गेलेला तुमच्या भागाचा सदस्य बहुतेक पॅरिशच्या बैठकीला येतो. त्याच्या हातात क्रमांकांची यादी दे. नुसत्या तक्रारीला तो मान डोलावतो, यादी हातात पडली की त्याला कार्यालयात विचारावं लागतं.

पाण्याचं प्रकरण जास्त अवघड. आमच्या लिंकनशायरसारख्या सखल मुलुखात तर फारच. रस्त्यावर पाणी साचलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. रस्त्याच्या कडेची जाळी काउंटीची, सांडपाण्याची वाहिनी पाणी कंपनीची, मोठे चर ड्रेनेज बोर्डाचे, आणि शेताच्या कडेने जाणारा ओहोळ किंवा चर ज्याच्या जमिनीला लागून त्याचाच. हा शेवटचा नियम कित्येक घरमालकांना माहीतच नसतो. घर घेताना बागेच्या टोकाला झुळझुळ पाणी आहे म्हणून ते खूश होतात, गवत कापून त्यातच टाकतात, आणि नोव्हेंबरात खालच्या गल्लीत पाणी शिरतं. अशा वेळी पत्र पाठवण्याआधी दार वाजव. मला विचारशील तर गावातली निम्मी भांडणं पहिल्या पत्रातून सुरू होतात. कौन्सिलच्या शिक्क्याचा कागद हातात पडला की माणूस वकील शोधतो. दारात उभं राहून ‘खालच्या आजीच्या घरात पाणी येतंय हो’ म्हटलं की बहुतेक वेळा फावडं शोधतो. दोनदा जाऊनही नाही ऐकलं, तर मग पत्र, आणि पूरविषयक अधिकार असलेल्या काउंटीच्या विभागाला त्याची प्रत. पावसात पाणी कुठून येतं त्याचे फोटो तारखेसह जपून ठेव. उन्हाळ्यात कुणाला ते आठवत नाही.

कुंपणाच्या वाढलेल्या झाडीचंही तसंच. फूटपाथवर आलेली झाडी मालकाने छाटायची. फक्त तारखा लक्षात ठेव. १ मार्च ते ३१ ऑगस्ट हा पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, तेव्हा वाहतुकीला धोका असल्याशिवाय शेताची कुंपणं कापू देत नाहीत. म्हणून आठवण फेब्रुवारीच्या आत करायची. मे महिन्यात केलेली मागणी चुकीच्या वेळची ठरते आणि शेतकऱ्याला तुझ्याबद्दल वाटतं, हिला शेतीतलं काही कळत नाही.

भरधाव गाड्यांची तक्रार दर बैठकीला येईल. वेगमर्यादा बदलणं काउंटीच्या हातात, दंड करणं पोलिसांच्या. पॅरिशला वेग दाखवणारी विजेची पाटी घेता येते. खांबावर लावायला रस्ते विभागाची परवानगी लागते. पोलिसांनी शिकवलेल्या स्वयंसेवकांची स्पीडवॉचची तुकडीही उभी करता येते. ते गाडीचा नंबर टिपतात, पोलीस मालकाला ताकिदीचं पत्र पाठवतात, दंड होत नाही. पाटीत साठलेली आकडेवारी मात्र सोन्यासारखी. कुठल्या तासाला किती गाड्या किती वेगाने गेल्या, हे हातात असलं की काउंटीशी बोलणं सोपं होतं. कधी कधी आकडे उलटही सांगतात, की बहुतेक गाड्या मर्यादेतच आहेत, किंवा सकाळी आठला जोरात जाणारे गावातलेच आहेत, मुलांना शाळेत सोडायला निघालेले. जे निघेल ते बैठकीत जसंच्या तसं मांड.

आता बांधकामाच्या अर्जांचं. इथे तुझ्यावर सगळ्यात जास्त दडपण येईल. निर्णय डिस्ट्रिक्टचा, पॅरिशला कळवतात आणि साधारण २१ दिवसांत मत मागतात. शेताच्या तुकड्यावर वीस घरं येणार म्हटलं की हॉल भरतो, एरवी तीन माणसं येत नाहीत. लोक म्हणतात आमच्या खिडकीतलं दृश्य जाईल, घराची किंमत पडेल. ही दोन्ही कारणं नियोजन अधिकारी विचारात घेत नाहीत. घेतात ती अशी: शेजाऱ्याच्या घरात थेट नजर जाते का, उजेड अडतो का, रस्त्याच्या वळणावर गाडी काढणं धोक्याचं आहे का, पाण्याचा निचरा होईल का, जुन्या वास्तूला बाध येतो का. लोकांचा राग या भाषेत आणून देणं हे कौन्सिलचं खरं योगदान. पाणी तुंबलेल्या रस्त्याचे ते तारखेचे फोटो इथे कामाला येतात.

आणि एक कळकळीचं. प्रत्येक घराला विरोध करणाऱ्या कौन्सिलांत बसू नकोस. गावातली तरुण मुलं भाड्याने राहायलाही जागा नाही म्हणून निघून जातात, शाळेत पट कमी होतो, मग तीच माणसं शाळा बंद होतेय म्हणून बैठकीला येतात. कुठे घरं चालतील हे गावानेच आधी सांगायचं असेल तर २०११ च्या लोकलिझम कायद्याने नेबरहूड प्लॅन करता येतो. त्याला वर्षं लागतात, शेवटी गावात सार्वमत होतं. पण तो मंजूर असला आणि तुमचा डिस्ट्रिक्ट बांधकामावर पायाभूत सुविधांचा आकार घेत असला, तर त्यातला १५ टक्क्यांऐवजी २५ टक्के वाटा पॅरिशला येतो. मैदानाला नवे झोपाळे त्यातूनच होतात.

पैशाचं एरवीचं गणित साधं आहे. पॅरिशची पट्टी, जिला इथे प्रिसेप्ट म्हणतात, डिस्ट्रिक्टच्या कौन्सिल टॅक्समधूनच वसूल होऊन येते. समज, ४०० घरं आणि २०,००० पौंड, तर घरामागे सरासरी वर्षाला ५० पौंड. अंदाजपत्रक हिवाळ्यात ठरतं, तेव्हा शरद ऋतूतच काय हवं ते मांड. एप्रिलमध्ये सुचवलेल्या बाकाला पुढचं वर्ष उजाडतं. मोठ्या खर्चावर बोलण्याआधी छोटे चालू खर्च बघ. कुत्र्यांच्या घाणीसाठी डबा पॅरिश विकत घेईल, पण तो दर आठवड्याला रिकामा करण्याचे पैसे डिस्ट्रिक्ट कायमचे मागेल. जुनी लाल टेलिफोन पेटी बीटी या टेलिफोन कंपनीकडून १ पौंडात मिळते, त्यात हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका देऊन वाचवणारं यंत्र बसवतात, छान फोटो येतो. त्या यंत्राच्या पॅडना मुदत असते, बॅटरी उतरते. कुणी नियमित जाऊन बघायचं ते नाव मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, लिहिलेलं असू दे.

अलॉटमेंट तुमच्या गावात नसेल तर तोही विषय आहे. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला विचार करावाच लागतो. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा, सगळं होतं. कौन्सिलच्या कुठल्याही बैठकीत जमणार नाहीत इतकी माणसं तुला तिथे कुदळ हातात धरून भेटतील, आणि गावात काय चाललंय ते तिथेच कळेल.

बैठकीची रीत नीट शिकून घे. अजेंडा निदान तीन पूर्ण दिवस आधी लागला पाहिजे, आणि अजेंड्यावर नसलेल्या गोष्टीवर ठराव करता येत नाही. लोकांना बसून ऐकायचा हक्क आहे. १९६० चा तो कायदा खासदार म्हणून नव्या असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी आणला होता. बोलायला मात्र कौन्सिल वेळ ठरवून देतं, बहुधा माणशी तीन मिनिटं. कुणी रागाने आलं असेल तर ती तीन मिनिटं मधे न बोलता ऐक, लिहून घे. वार्षिक पॅरिश सभा वेगळी, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यानची. ती मतदारांची सभा, आपल्या ग्रामसभेच्या जवळची, आणि संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही, कामावरून परतलेल्या माणसालाही येता यावं अशी. तिला लोक यावेत म्हणून जे करता येईल ते कर. चहा-केक ठेव, शाळेच्या मुलांची चित्रं लाव.

क्लार्कशी जपून वाग. आपल्याकडचा ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा माणूस. इथला क्लार्क कौन्सिलने नेमलेला, आठवड्याचे मोजके तास पगारी, आणि कायदा, हिशेब, पत्रव्यवहार सगळं त्याच्याच डोक्यावर. एकटा सदस्य त्याला हुकूम देऊ शकत नाही; अध्यक्षसुद्धा एकट्याने काही ठरवू शकत नाही, ठरवतं ते कौन्सिल. डिसेंबर २०२० मधली हँडफर्थच्या कौन्सिलची ऑनलाइन बैठक तू पाहिली असशील, सगळा देश हसला होता. मला ती पाहताना वाईट वाटत राहिलं, कारण त्या आरडाओरड्यात गावच्या कामाचं एकही वाक्य कुणाला ऐकू येत नव्हतं. चिडलेल्या ईमेलला रात्री उत्तर देऊ नकोस. क्लार्कला चोवीस तास फोन करू नकोस.

स्वतःचे हितसंबंध २८ दिवसांत नोंदवायचे असतात, जोडीदाराचेही. घर, जमीन, नोकरी, सगळं. तुमच्या घरामागच्या शेताचा अर्ज आला तर बैठकीत आधीच सांग आणि खोलीबाहेर जा. आर्थिक हितसंबंध लपवून बोलणं किंवा मत देणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि छोट्या गावात त्याहून आधी विश्वास जातो.

पहिल्या बैठकीआधी एवढं कर: मागच्या वर्षभराची मिनिट्स वाच. ती जाहीर असतात. वाचताना ‘पुढील बैठकीत’ असं लिहून सोडून दिलेल्या गोष्टींची वेगळी यादी काढ. तक्रार करणारं कोण होतं ते क्लार्कला विचार आणि त्यातल्या एकाला, कुठल्याही एकाला, स्वतः जाऊन भेट. यादी झाली की मला फोन कर, रविवारी दुपारी मी घरी असते, दोघी मिळून बघू कुठलं काम कुणाच्या दारात न्यायचं ते.

तुझी,
मावशी