ठेव मोडू की कर्ज काढू? आधी माती तपासा

तुमचं पत्र थोडक्यात असं: जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. तीन वर्षांचं डीएपी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) देणारं खत, एकदम घेऊन यंदाच टाकायचं ठरलंय, कारण विक्रेता म्हणाला, ‘स्फुरद वाहून जात नाही, मुदत ठेवीसारखं जमिनीत राहतं.’ तर पैशासाठी बँकेतली ठेव मोडू की १२ टक्क्यांनी कर्ज काढू?

दोन्ही नको. कर्ज तर मुळीच नको. तीन वर्षांत शंभरावर छत्तीस व्याज भराल.

स्फुरद फारसं झिरपत नाही, हे खरं. का झिरपत नाही, ते विक्रेत्याने सोयीस्कर गाळलं. राखेच्या मातीत ॲलोफेन नावाचं खनिज असतं, शिवाय सेंद्रिय पदार्थांशी बांधलेलं ॲल्युमिनियम आणि लोह. पाण्यात विरघळलेलं स्फुरद हे पकडून ठेवतात. माती अँडिसॉल, म्हणजे राखेच्या मातींच्या गटातली आहे का, हे ठरवायची एक नेहमीची कसोटीच अशी की, प्रयोगशाळेत दिलेल्या फॉस्फेटपैकी ८५ टक्के किंवा जास्त तिने धरून ठेवावं.

आता हिशोब. १०० किलो डीएपीत शुद्ध फॉस्फरस जेमतेम २० किलो. त्यातला दोन-तीन किलो पहिल्या पिकाला लागू पडला तरी पुष्कळ. उरलेला बुडीत खाती गेला असं नाही, थोडाथोडा सुटतो. पण मातीच्या सवडीने, तुमच्या हंगामाच्या नाही. वर दिवस जातील तशी पकड घट्ट होते. असली कसली ठेव, जिला ना मुदत ना हमी?

आणि डीएपीतलं १८ टक्के नत्र? तीन वर्षांचं नत्र एकदम टाकलंत तर ते पुढच्या हंगामापर्यंत तुमची वाट बघत थांबणार नाही. याबद्दल विक्रेत्याने चकार शब्द काढलेला दिसत नाही.

मातीपरीक्षणात ‘उपलब्ध स्फुरद’ एवढंच पाहू नका, फॉस्फेट धरून ठेवण्याचं प्रमाणही मागा. माती खरंच राखेची आहे ना, तेही बघा. बेसॉल्टवरची काळी, चुनखडीची जमीनही ज्वालामुखीचीच, पण तिथे स्फुरद मुख्यतः कॅल्शियम बांधतं. तिचं गणित निराळं.

खत यंदापुरतंच घ्या. फोकू नका, बियाण्याच्या बाजूला पट्ट्यात पेरून द्या. मातीशी संपर्क कमी, मुळांना जवळ. सामू (पीएच) फार कमी, म्हणजे जमीन फार आम्ल असेल तर आधी चुन्याचा खर्च धरा. एका तुकड्यात स्फुरद न देता तेच पीक घ्या, आणि दोन्हीकडचं उत्पन्न मोजून मला कळवा. ठेवीला तोवर हात लावू नका.