हिवाळ्यातलं भाड्याचं घर: ४०० मीटर की ९०० मीटर?

प्रश्न मला कळला तो असा: डिसेंबर ते फेब्रुवारी, तीन महिन्यांसाठी बर्फ पडणाऱ्या शहराच्या उपनगरात फर्निश्ड घर हवंय. गाडी घ्यायची नाही. सोबत सत्तरीतल्या आई आहेत, आणि तुम्हाला आठवड्यातून दोनदा शहरात ऑफिसला जायचंय. दोन घरं नक्की होत आलीत. पहिलं दुकानांपासून ४०० मीटरवर, टेकाडावर, वॉक स्कोअर (पायी फिरण्याची सोय सांगणारा शंभरपैकी आकडा) ८२. दुसरं ९०० मीटरवर, सपाटीला, बसच्या रस्त्यालगत, स्कोअर ६४. भाडं जवळपास सारखंच. सगळे तुम्हाला पहिलं घ्या म्हणताहेत. मी दुसरं घ्या म्हणेन. का, ते जरा पाल्हाळ लावूनच सांगतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय.

मी घेतलेलं घर स्टेशनपासून ६०० मीटरवर होतं. ऑक्टोबरात जाऊन बघितलं, घड्याळ लावून चाललो, सात मिनिटं लागली. जानेवारीत पहिला मोठा बर्फ पडला. शेजारपाजारच्यांनी आपापल्या घरासमोरचा फुटपाथ इमानदारीत उपसला. पण वाटेत एक रिकामा प्लॉट होता, साठेक मीटर लांबीचा. मालक कुठे तरी लांब राहणारा. तिथला बर्फ कुणीच उचलला नाही. लोकांच्या पायांनी तो दाबला गेला, दुपारी वरवर वितळला, रात्री परत गोठला, आणि आठवड्याभरात त्याची काच झाली. पुढचे सहा आठवडे मी एक तर गाड्यांच्या रस्त्यात उतरून चाललो, नाही तर दीड किलोमीटरचा वळसा घेतला. उरलेले ५४० मीटर झकास साफ होते, त्याचं काय लोणचं घालायचं?

तर पहिली गोष्ट, तो स्कोअर. तो वाईट नाही, पण तो काय मोजतो ते बघा. पाच मिनिटांच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत दुकान, बाग, शाळा असेल तर पूर्ण गुण. पुढे अंतर वाढेल तसे गुण घटत जातात आणि अर्ध्या तासाच्या चालीनंतर शून्य. चढ, बर्फ, फुटपाथ कोण साफ करतं, यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. शिवाय जवळ दहा कॅफे असले की आकडा फुगतो. आईंना त्या दहांचा काय उपयोग? तीन महिन्यांसाठी तुम्हाला चार ठिकाणं लागतील: किराणा, औषधाचं दुकान, बसस्टॉप, आणि आईंना घराबाहेर पडून बसता येईल अशी एखादी उबदार जागा, वाचनालय वगैरे. या चौघांकडे जाणाऱ्या वाटा तपासा, बाकी सोडून द्या.

आता बर्फाबद्दल. थंडी जितकी जास्त तितकं चालणं अवघड, असं नवख्या माणसाला वाटतं. उलट आहे. उणे १५ ला कोरडा बर्फ बुटाखाली करकरतो आणि पाय बऱ्यापैकी धरतो. घात करतं ते शून्याच्या आसपासचं हवामान. दिवसा अधिक २, रात्री उणे ४. दुपारी ढिगाऱ्यातून पाणी पाझरून फुटपाथवर येतं, संध्याकाळी त्याचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर होतो. ओला डांबरी रस्ता वाटतो आणि माणूस आडवा होतो. मीठ टाकतात, पण साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही, आणि ज्याने टाकायचं तो टाकेल तेव्हा.

म्हणून चढ हा माझ्यासाठी अंतरापेक्षा मोठा मुद्दा. तुमच्या पहिल्या घराच्या ४०० मीटरमध्ये २८ मीटरचा चढ आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सरासरी ७ टक्के, आणि एखादा तुकडा नक्कीच त्याहून तीव्र असणार. कोरड्या दिवशी दम लागेल इतकंच. पण निसरड्या दिवशी, हातात पिशवी घेऊन, उतरताना? तरणाताठा माणूसही कुंपण धरून उतरतो. आई एकदा घसरल्या, हाड मोडलं नाही तरी भीती बसते, आणि मग जवळची दुकानं जवळ राहत नाहीत. (नकाशाच्या अॅपमध्ये सायकलचा मार्ग काढलात की बऱ्याचदा चढउताराचा आलेख दिसतो. दुसऱ्या घराचाही काढून बघा, सपाट म्हणजे किती सपाट ते कळेल.)

ऊन कुठे पडतं तेही बघा, हे सहसा कुणी बघत नाही. उत्तर गोलार्धात २१ डिसेंबरच्या सुमाराला ४५ अंश अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंश वर असतो. सहा मीटर उंच दुमजली घराची सावली त्या वेळी १५ मीटर पडते. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेकडच्या घरांची सावली त्यांच्या समोरचा फुटपाथ दिवसभर झाकून टाकते. पलीकडचा, उत्तरेकडचा फुटपाथ मात्र त्यातल्या त्यात लवकर सुटतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू असतात म्हणा ना. याच अक्षांशावर त्या दिवसांत उजेड असतो पावणेनऊ तास. ऑफिसहून तुम्ही अंधारातच परतणार, तेव्हा दिव्यांचे खांबही मोजा.

उपनगराची घडण हा आणखी एक मुद्दा. ट्रामच्या काळात वसलेली जुनी उपनगरं बहुतेक चौकटी-चौकटींची: रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, कोपऱ्यावर दुकान, एक गल्ली बंद तर पलीकडची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाडी गृहीत धरून बांधलेल्या वसाहतींमध्ये गल्ल्या वळत वळत जाऊन बंद होतात. तिथे नकाशावर ३०० मीटर दिसणारं दुकान पायी सव्वा किलोमीटर निघतं, आणि मधली ‘शॉर्टकट’ पायवाट हिवाळ्यात बर्फाखाली गडप. चौकटीच्या वस्तीत तुमची एक वाट अडली तर दुसरी असते. माझ्या रिकाम्या प्लॉटला पर्याय नव्हता, कारण एका बाजूला रेल्वेचे रूळ होते.

बसचा रस्ता जवळ असण्याचा फायदा दुहेरी: बस दारात मिळते, शिवाय बर्फ हटवणारी गाडी बहुतेक शहरांत आधी मुख्य आणि बसच्या रस्त्यांवर फिरते, आतल्या गल्ल्यांची पाळी नंतर. तोटाही सांगतो: तीच गाडी सगळा बर्फ कडेला लोटते, आणि नेमकं जिथे फुटपाथवरून रस्त्यात उतरायचं त्या कोपऱ्यावर गुडघाभर बांध तयार होतो. बस दर १५ मिनिटांनी असेल तर ठीक. अर्ध्या तासाची असेल तर स्टॉपला निवारा आहे का बघा. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचं वारं सुटलं की अंगाला उणे २० सारखं झोंबतं. रविवारचं आणि डिसेंबरअखेरच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळं काढून वाचा.

रस्त्यांचे फोटो ऑनलाइन बघताना कोपऱ्यातली तारीख बघा. बहुतेक उन्हाळ्यातले असतात, झाडं हिरवीगार, सगळं छान. जुन्या वर्षांचे फोटो उघडले तर कधीकधी मार्चचा किंवा नोव्हेंबरचा सापडतो, तो जास्त खरं बोलतो.

कराराचं थोडक्यात. फुटपाथ आणि दारातल्या पायऱ्यांचा बर्फ कोण काढणार, हे लेखी घ्या. बऱ्याच शहरांत ही जबाबदारी घरमालकावर असते, पण करारातल्या एका ओळीने ती तुमच्या गळ्यात पडू शकते, आणि मग फावडं कुठे ठेवलंय हेही विचारावं लागतं. हीटिंग भाड्यात धरलंय का, आणि रात्री बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, तेही लिहून घ्या. अनेक ठिकाणी ३० दिवसांच्या आतल्या आणि वरच्या भाड्यांना नियम वेगळे लागतात. तीन महिन्यांचा एकच करार करा, महिन्या-महिन्याचे तीन नको.

सामानासाठी चाकांची पिशवी घेऊ नका, बर्फात ती ओढता ओढता वैताग येतो. पाठीवरची सॅक घ्या, हात मोकळे राहतात. आईंच्या बुटांना लावायला खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, जरूर घ्या; फक्त दुकानात शिरताना काढायला सांगा, गुळगुळीत फरशीवर तेच पट्टे घसरवतात.

तर दुसरं घर. ९०० मीटर म्हणजे साध्या दिवशी ११-१२ मिनिटं, बर्फात वीस धरा, आईंना पंचवीस. आणि जमत नसेल त्या दिवशी दारातून बस आहे. एकच अट: हो म्हणण्याआधी मालकाला विचारा, गेल्या जानेवारीत काढलेला घरासमोरच्या रस्त्याचा एखादा फोटो आहे का. बर्फाचे फोटो सगळेच काढतात. नसेल तर दारापासून बसस्टॉपपर्यंत कुणाकुणाची हद्द लागते ते विचारा, आणि मधे रिकामा प्लॉट निघाला तर मला परत लिहा.